कोंडूचा डावा कौल

१९७६ सालच्या हिवाळ्यात लोणावळ्याच्या एका वाचनालयात पुण्याच्या प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. विषय होता, 'आफ्रिकी साहित्यातील शोकनायक'. श्रोते आम्ही अकरा जण. त्यातले चौघे कार्यकारिणीचे, म्हणजे त्यांना यावंच लागलं. दोघांना वाटलं होतं की पडद्यावर सिंह वगैरे दाखवणार आहेत.

प्राध्यापक बोलले चांगलं, तक्रार नाही. तिकडच्या गोष्टींतला नायक म्हणजे गावाची रीत सांभाळणारा, शब्दाचा पक्का आणि सगळ्यांना थोडा जडच जाणारा माणूस. मग गोरा साहेब कागद घेऊन येतो. गाव वाकतं, हा वाकत नाही आणि मोडतो. आणि मोडतो तो कुठल्या दुर्गुणामुळे नाही, ज्या गुणामुळे मोठा झाला त्याच गुणामुळे. मी हे वहीत उतरून घेतलं. शेवटी ते म्हणाले की आपल्या खेड्यांत असा माणूस सापडत नाही, आपला माणूस जुळवून घेतो. मी हात वर केला. अध्यक्षांना वाटलं मी आभार मानणार, म्हणून त्यांनी हार माझ्या हातात दिला. मग मी आभार मानले.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितो. वाडीचं नाव सांगणार नाही, त्याचं कारण पुढे कळेलच. भाजे गावाच्या वर डोंगरात पाच-सहा वाड्या आहेत, हौस असेल त्यानं शोधत बसावं. माणसांची नावंही मी बदलली आहेत.

मी त्या वाडीवर १९५६ साली एकशिक्षकी शाळेचा गुरुजी म्हणून गेलो. उंबरे बावीस, पोरं चौदा, शाळा मारुतीच्या देवळात. वाडीच्या डोक्यावर पाचेक एकरांची राई होती, वरसूबाई देवीची. आत दुपारीही अंधार आणि मधोमध एक झरा. वैशाखात सगळा डोंगर करपून जायचा तेव्हाही तो वाहायचा. अख्खी वाडी त्याच झऱ्याचं पाणी प्यायची. दुसरं पाणी खाली नदीला, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस.

या राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी विचारल्याशिवाय उचलायची नाही. विचारायचं देवीला, आणि विचारायचं काम कोंडूच्या घराण्याकडे. रीत अशी. राईच्या कडेला दगडांची एक ओळ होती. बाकीच्यांनी ओळीबाहेर थांबायचं. कोंडू एकटा आत जायचा, देवीच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर फासलेल्या दगडाला, दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायचा आणि प्रश्न विचारून बसून राहायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग बाहेर यायचा आणि तोंडानं काही न बोलता एक हात वर करायचा. उजवा किंवा डावा. लोक हात बघायचे आणि घरी जायचे. या निकालावर अपील नव्हतं.

कोंडू तेव्हा चाळिशीचा असेल. उंचीला बेताचा, छातीनं भरलेला, आणि बोलणं असं की शब्दाला वजन करून देतोय. खोटं बोलणं हा प्रकार त्याला माहीतच नव्हता. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांना त्यानं स्वतःच्या पुतण्याबद्दल, म्हणजे गेणूबद्दल, सांगितलं, "पोरगं कामाला बरं हाय, पर झोपतंय लय." सोयरीक मोडली. पुढे गेणूचं लग्न झालं ते कोंडू बाजाराला गेला होता तेव्हा ठरवून टाकलं म्हणून.

मी गेलो त्याच वर्षी कोंडूच्या स्वतःच्या घराचं आढं मोडलं. राईत ऐनाचं एक झाड वादळानं आडवं झालं होतं, सरळसोट, आढ्यासाठीच पडल्यासारखं. कोंडू आत गेला, बाहेर आला, डावा हात वर केला. त्याचं घर ते वर्षभर दोन बांबूंच्या टेकूवर उभं राहिलं. त्याची बायको सावित्राबाई चुलीपुढे वाकून जायची नि वाकून यायची. ऐन जागच्या जागी कुजला. मी म्हणालो, "कोंडूभाऊ, पाकळी वाऱ्यानं पडते."

"व्हय," तो म्हणाला. "आमी वाऱ्यालाच इचारतो."

 मी नुकताच ट्रेनिंग कॉलेजातून आलो होतो. देव मानत नव्हतो आणि हे सगळ्यांना सांगत होतो.

आता साहेबाचं. कोंडूच्या आज्याच्या, हौशीरामाच्या वेळी घोड्यावरून एक गोरा साहेब वर आला होता. बरोबर कारकून. साहेबाला राई आवडली. त्यानं कारकुनाला विचारलं, कारकुनानं हौशीरामाला विचारलं, "ही राखीव का?" हौशीरामाला आनंद झाला. तो म्हणाला, "व्हय, व्हय. पिढ्यान्‌पिढ्या राखीव. आमीच राखतो." कारकुनानं लिहिलं, 'राखीव'. हौशीरामानं अंगठा दिला. साहेबानं त्याला एक पितळी बिल्ला दिला आणि राईत कुऱ्हाड चालवायची नाही असा हुकूम करून घोड्यावर बसून गेला. हौशीरामाला वाटलं, साहेब शहाणा आहे, आपलं म्हणणं त्याला पटलं. साहेबालाही बहुतेक तेच वाटलं असावं. पुढची पन्नास वर्षं दोन्ही बाजू समाधानी होत्या. कोंडू कौल लावायला जाताना तो बिल्ला बंडीवर लावायचा.

साहेब गेले, स्वराज्य आलं, कागद राहिला. १९५९च्या दिवाळीनंतर जंगलाकडचा गार्ड सांगत आला की डोंगराच्या या बाजूच्या तोडीचा लिलाव झाला आहे, ठेकेदार कोळशाच्या भट्ट्या लावणार, राईसकट. कोंडू म्हणाला, राईसकट कशी, राई राखीव आहे. गार्ड म्हणाला, म्हणूनच.

कोंडू बिल्ला लावून वडगावला कचेरीत गेला. मी बरोबर होतो, कागद वाचायला. तिथल्या कारकुनानं एक जीर्ण बस्ता सोडला, कागद काढला आणि वाचून दाखवला.

"तुमच्या आज्याचाच अंगठा आहे. राखीव म्हणून."

"मंग राखीवच हाय की. म्हून त तोडायची न्हाई."

"राखीव म्हणजे सरकारची. तुमची असती तर राखीव कशाला लिहिली असती?"

"आमी राखतो म्हून लिवलं."

"तुम्ही राखता कुणासाठी? सरकारसाठी. तेच लिहिलंय."

असं अर्धा तास चाललं. दोघंही एकच शब्द बोलत होते आणि दोघांनाही समोरचा मूर्ख वाटत होता. शेवटी कारकुनानं चहा मागवला, कोंडूलाही दिला. वाईट माणूस नव्हता. परत येताना गाडीत कोंडूनं मला विचारलं, "गुर्जी, ह्यो शबूद दोन हाईत का?" मी म्हणालो, एकच आहे. त्यानं बिल्ला काढून खिशात ठेवला. पुन्हा तो त्याच्या छातीवर मी पाहिला नाही.

राई वाचायला एक फट मात्र होती. तोडीचे मजूर देवाच्या राईत कौलाशिवाय कुऱ्हाड लावायला तयार नव्हते. ठेकेदारही दुसरीकडे एकदा अशीच राई तोडून त्याच साली दोन बैल आणि एक मेहुणा गमावून बसलेला होता. तो वर आला आणि चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "देवीला विचारा. नाही म्हणाली तर पाच एकर सोडून देतो, बाकीचा डोंगर मला पुष्कळ आहे. हो म्हणाली तर मात्र आडवं यायचं नाही." ट्रकसाठी तो भाज्यापर्यंत रस्ता काढणार होता आणि चार महिने सगळ्यांना काम देणार होता. वाडीतून आजारी माणूस झोळीत घालून मळवलीपर्यंत उतरवावा लागे, त्यामुळे रस्ता म्हटल्यावर निम्म्या वाडीचे डोळे चमकले. मी त्यांना दोष देत नाही. झोळीचा एक कोपरा मीही धरला होता.

कोंडू उठला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हतीच. देवी काय म्हणणार हे त्याला माहीत होतं, जसं आपल्याला आपली आई काय म्हणेल ते माहीत असतं. तो म्हणाला, "डावा पडला तर कुऱ्हाड न्हाई. उजवा पडला तर पयला घाव मी सोता घालीन."

एवढं बोलायची गरज नव्हती. विचारलं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी दगडांच्या ओळीबाहेर उभी राहिली. ठेकेदार चपला काढून उभा होता, गार्ड टोपी काढून. पोरांना मी सुट्टी दिली होती, कारण शाळेत तसंही कुणी आलं नसतं. कोंडू आत गेला. नेहमी तो विडी ओढून होईल एवढ्या वेळात यायचा. त्या दिवशी कितीतरी वेळ आला नाही. बायका कुजबुजू लागल्या, ठेकेदारानं दोनदा घड्याळ बघितलं. मग कोंडू झाडांतून बाहेर आला आणि त्यानं डावा हात वर केला.

ठेकेदारानं राईकडे तोंड करून नमस्कार केला आणि गेला. शब्दाला जागला, बाकीचा डोंगर बोडका केला, राईला हात लावला नाही. रस्ता अर्धाच काढला. वाडी काही दिवस रस्त्यासाठी हळहळली, मग कोंडूनं राई राखली म्हणून फुगून फिरू लागली.

कोंडू मात्र आठ दिवसांत वाडी सोडून गेला. कौलाचं काम गेणूला दिलं, सावित्राबाईला आणि दोन गाडगी घेतली आणि लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यावर माळी म्हणून राहिला. लोक म्हणाले, शहराची हवा लागली. कुणी म्हणालं, मान मिळाला तो पचला नाही. मला राग आला होता. वाडीत पोरांना शाळेत पाठवा म्हणून सांगणारा तो एकच मोठा माणूस होता, आणि तो न सांगता गेला.

दोनेक महिन्यांनी मी त्या बंगल्यावर गेलो. कोंडू मोठी कात्री घेऊन मेंदीचं कुंपण कापत होता. शेटला कुंपणाचे मोर हवे होते. ज्यानं घरावर आढं नाही म्हणून टेकू लावले तो माणूस पाहुण्यांसाठी झाडांचे मोर करत होता, आणि खरं सांगायचं तर मोर चांगले होत नव्हते. बदकं वाटत होती.

मी सरळ विचारलं, "का गेलात, कोंडूभाऊ?"

तो कापत राहिला. मग म्हणाला, "कौल उजवा पडला हुता."

मला आधी कळलंच नाही.

"रीत येकदाच लावायची हाय. मी तीनदा लावला. तिनीदा उजवा." त्यानं एका मोराची मान जरा जास्तच कापली. "मी डावा हात वर क्येला."

मी हसलो. मला बरंच वाटलं होतं. म्हणालो, उत्तम केलंत, राई वाचली, पाकळ्यांचं काय घेऊन बसलात, चला परत.

"राई वाचली त्ये बरंच झालं गुर्जी. पर मी खोटं बोललो त्येबी झालंच. कौल खोटा सांगंल त्येनं राईच्या आत पाय ठिवायचा न्हाई आन् झऱ्याचं पानी प्यायाचं न्हाई, मरस्तवर. ही आमच्या आज्यापनज्याची रीत. पानी न्हाई प्यायाचं तर वाडीत ऱ्हाऊन करू काय?"

"मग सांगून टाका खरं काय ते. लोक माफ करतील."

"खरं सांगितलं तर कौल उजवा. मंग ठेकेदार उद्या येतोय." त्यानं माझ्याकडं बघितलं. "समजलं का?"

समजलं. शिक्षा देणारा तोच, भोगणारा तोच, आणि शिक्षा कशाची हे सांगायची सोय नाही. मी पुष्कळ युक्तिवाद केला, अंधश्रद्धेवर जवळजवळ भाषणच दिलं. तो ऐकत होता आणि कापत होता. शेवटी म्हणाला, हे तुमच्यापाशीच राहू द्या, सावित्रालाही माहीत नाही. मी शब्द दिला. खरं म्हणजे मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. एवढी मोठी गोष्ट त्यानं बायकोला न सांगता मला सांगितली होती.

तो बारा वर्षं लोणावळ्यात राहिला. बंगल्याच्या मागून त्या बाजूचे डोंगर दिसायचे, पण तो तिकडे पाठ करून बसायचा. वाडीतली लग्नं, बारशी, जत्रा, कशालाच गेला नाही. गेणू एकदा कौतुकानं झऱ्याच्या पाण्याची कळशी घेऊन आला, तर त्यानं ती त्याच्यादेखत मेंदीच्या मुळाशी ओतली. गेणू रडत परत गेला. म्हातारा माजला, असं वाडीत पक्कं झालं. माझी बदली तोवर मळवलीला झाली होती. मी महिना-दोन महिन्यांनी जायचो, आम्ही चहा प्यायचो आणि मोरांबद्दल बोलायचो. ते शेवटपर्यंत बदकंच राहिले.

१९७२च्या माघात तो छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या आठवडाभर आधी मला म्हणाला होता, "जाळायचं त वाडीवर जाळा, पर लाकूड लोनावळ्याच्या वखारीतलं. राईतलं लावू द्येऊ नका. कारन सांगू नका." मी वखारीतून लाकूड घेतलं, शेटच्या टेम्पोतून कोंडूला आणि लाकडाला भाज्यापर्यंत आणलं, पुढे माणसांनी खांद्यावरून वर नेलं.

वर पोहोचलो तर ओढ्याच्या काठी लाकडाची रास तयार. ऐन, जांभूळ, हिरडा, सगळं राईतलं. गेणू पुढे आला, डोळे सुजलेले. म्हणाला, "कौल लावला न्हाई, गुर्जी. काकासाटी इचारायचं काय? राई त्येचीच." बारा वर्षं त्या माणसाला माजलेला म्हणणारी वाडी त्याच्यासाठी रीत मोडून बसली होती.

सगळे माझ्याकडे बघत होते, की हे वखारीतलं लाकूड कशाला आणलं. मी सोळा वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवत आलो होतो. मी म्हणालो, "कोंडूभाऊंनी सांगितलंय, माझ्यासाठी राईतली काडी मोडू नका."

शब्द न् शब्द खरा होता. ऐकल्यावर बाप्येसुद्धा रडायला लागले. गेणू म्हणाला, "मरतानाबी राई राखली," आणि त्यानं स्वतः एकेक लाकूड उचलून दगडांच्या ओळीपलीकडे परत ठेवलं. कोंडू वखारीच्या लाकडावर जळला. आपण फार हुशारीनं निभावलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर मी गेणूच्या पडवीत बसलो होतो. सावित्राबाई येऊन खांबाशी बसली. तिनं थोडा वेळ अंगणातल्या कोंबड्या बघितल्या.

"गुर्जी, कौल उजवा पडला हुता न्हवं?"

 मी विचारलं, "त्यांनी सांगितलं?"

"त्यो कशाला सांगतोय. मला त्याच दिशी कळलं." ती सांगू लागली, अगदी सरळ आवाजात, जसं बाजारात काय मिळालं ते सांगावं. "आमची येक पोर हुती, चिमी. तुमी यायच्या आदी. चार वरसाची. ताप उतरंना. वैदू म्हनला, राईतल्या अमक्या झाडाची साल पायजे, उगाळून द्या. ह्यो आत ग्येला. मी वळीभाईर पोर घेऊन हुबी. भाईर आला आन् डावा हात वर क्येला. तवा त्येचं त्वांड मी बघितलं, गुर्जी. खरं बोलताना त्येचं त्वांड कसं हुतं त्ये मला ठावं हाय. ठेकेदार आलता त्या दिशी त्ये त्वांड न्हवतं."

मी बारा वर्षं ज्या गोष्टीचा एकटा राखणदार म्हणून मिरवत होतो, ती तिला माझ्या आधीपासून ठाऊक होती. मला लाज वाटली.

"चिमी तिसऱ्या दिशी ग्येली," ती म्हणाली. "पोरीसाटी त्यो खोटं बोलला न्हाई. झाडासाटी बोलला."

आतून गेणूच्या बायकोनं तिला हाक मारली. ती लगेच उठली नाही.

"मी त्येला कदी इचारलं न्हाई. बारा वरसं रोज दोन टायमाला वाढलं, पर इचारलं न्हाई. इचारायला पायजे हुतं का न्हाई, त्येवडं सांगा. तुमी शिकल्यालं हाईसा."

मी तिच्या पायांकडे बघत राहिलो.  ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भाकऱ्या थापायला आत गेली.